टेप फिरतेय, पण बॅकअप कुणाचा?

आज बोलूया बॅक्युलाबद्दल. नेटवर्कवरच्या मशीन्सचा टेपवर बॅकअप घेणारं हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर.

पहिल्या नोकरीत मी ते सेट केलं. सर्व्हरचा स्वतःचा बॅकअप रोज ओके, म्हणून मी खूश. फेल झालेल्या जॉबचे मेल उघडलेच नाहीत. मग एक दिवस अकाउंट्सच्या पीसीवरचं फोल्डर उडालं. बघतो तर टेपवर त्या पीसीचं काहीच नाही!

चूक एका ओळीची होती. बॅक्युलात तिघं काम करतात. डिरेक्टर हुकूम देतो, पोर्ट 9101. फाइल डीमन प्रत्येक क्लायंटवर बसून फाइल्स वाचतो, 9102. स्टोरेज डीमन टेपवर लिहितो, 9103. गंमत म्हणजे फाइल्स डिरेक्टरमधून जातच नाहीत. तो क्लायंटला फक्त स्टोरेजचा पत्ता देतो, क्लायंट थेट तिकडे जोडला जातो. मी तो पत्ता 'लोकलहोस्ट' ठेवला होता. लोकलहोस्ट म्हणजे 'मी स्वतः'. बिचारा पीसी टेप ड्राइव्ह स्वतःच्याच पोटात शोधत होता! सर्व्हरवर तिन्ही एकत्र होते, म्हणून तिथे चाललं.

तेव्हा डिरेक्टरच्या कॉन्फिगमध्ये स्टोरेजचा पत्ता म्हणून क्लायंटला सापडेल असं नाव किंवा आयपी टाका. स्टोरेज डीमन त्याच पत्त्यावर ऐकतोय ना, फायरवॉलमध्ये 9103 उघडा आहे ना, बघा. आणि अधूनमधून प्रत्येक क्लायंटची एखादी फाइल रिस्टोअर करून पाहा. आम्हाला ते फोल्डर कागदी बिलांवरून पुन्हा भरावं लागलं. तुमच्यावर ती वेळ नको.

भेटू पुढच्या भागात!