पॉइंट तेवढेच, बिल मात्र वाढतं : हॉलिडे क्लबच्या सभासदत्वाबद्दलचे गैरसमज

मॉलमध्ये नाहीतर पेट्रोल पंपावर एक कूपन भरून दिलेलं असतं. काही दिवसांनी फोन येतो : तुम्हाला बक्षीस लागलंय, रविवारी अमुक हॉटेलात या, नवरा-बायको दोघंही या, क्रेडिट कार्ड सोबत असू द्या. तिथे दोन तास रिसॉर्टचे फोटो, चहापाणी, आपुलकीच्या गप्पा आणि शेवटी फक्त आजच्यापुरता एक भाव. पुष्कळदा कार्ड स्वाइप झाल्यावरच करारनामा हातात पडतो. गोव्यात कळंगुट-बागाच्या रस्त्यांवर हेच काम स्क्रॅच कार्डं वाटून केलं जातं. पॉइंट्सवर चालणाऱ्या या सभासदत्वाबद्दलचे बहुतेक गैरसमज त्या दोन तासांत तयार होतात.

सगळ्यांत मोठा गैरसमज म्हणजे एकदा पैसे भरले की पंचवीस वर्षं सुट्ट्या फुकट.

सुरुवातीला भरता ती प्रवेशाची किंमत. पुढे दरवर्षी देखभाल शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. त्या वर्षी तुम्ही कुठे गेलात की आजारपणामुळे घरीच राहिलात, याच्याशी या बिलाचा संबंध नाही. बिल थकलं की बुकिंग बंद. उदाहरणादाखल हिशेब मांडू. समजा शुल्क वर्षाला 20,000 रुपये आहे आणि ते दरवर्षी 7 टक्क्यांनी वाढतं. पंचविसाव्या वर्षी ते एक लाखावर गेलेलं असेल. पंचवीस वर्षांची बेरीज होते सुमारे 12 लाख 65 हजार, जीएसटी धरून जवळपास 15 लाख. सभासदत्व 5 लाखांना घेतलं असेल, तर त्याच्या तिप्पट रक्कम नुसत्या देखभालीत जाते. हप्त्यांवर घेतलं असेल तर व्याज वेगळं. जेवणखाण आणि प्रवास वेगळा, जास्तीच्या माणसाचे पैसे वेगळे, आणि काही रिसॉर्टांत वीज-पाण्याच्या नावाने दर मुक्कामाला आणखी एक आकार.

पहिल्या वर्षाचाच भाव काढून पाहा. 5 लाखांचा पंचविसावा भाग 20,000, त्यात जीएसटीसह शुल्क 23,600. सात रात्री मिळत असतील तर एका रात्रीला सव्वासहा हजार पडले, तेही जेवणाशिवाय. तीच खोली, त्याच तारखांना, सभासद नसलेल्या माणसाला बुकिंगच्या साइटवर कितीला मिळते ते बघा. सही करण्याआधी हे पाहायला पाच मिनिटं लागतात, आणि त्या हॉलमध्ये नेमकी तीच पाच मिनिटं तुम्हाला मिळू दिली जात नाहीत. मला या धंद्याचा राग येतो तो इथे.

“पॉइंट्स म्हणजे पैसेच, हवे तेव्हा हवे तिथे वापरा,” असंही सांगितलं जातं. पण पॉइंट हे कंपनीने छापलेलं चलन आहे आणि बाजारभावही कंपनीच ठरवते. कुठल्या रिसॉर्टला, कुठल्या खोलीला, कुठल्या हंगामात किती पॉइंट लागतील याचा एक तक्ता असतो. मे महिना, दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार सगळ्यांत महाग. मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या नेमक्या तेव्हाच असतात. करारात तुमच्या पॉइंट्सचा आकडा ठळक छापलेला असतो, पण तक्ता मात्र बहुधा “कंपनी वेळोवेळी ठरवेल त्याप्रमाणे”. तक्ता बदलला की तेवढ्याच पॉइंट्समध्ये रात्री कमी होतात आणि मग जास्तीचे पॉइंट विकत घेण्याचा, वरच्या श्रेणीत जाण्याचा आग्रह सुरू होतो. न वापरलेले पॉइंट काही योजनांत वर्षअखेरीला बुडतात, तर काहींत पुढे ओढण्यासाठी पैसे मोजावे लागतात. बुकिंग उशिरा रद्द केलं तरीही ते कापले जातात.

परदेशातल्या रिसॉर्टचं आमिषही असतं. आरसीआयसारख्या अदलाबदलीच्या संस्थेचं सभासदत्व वेगळं असतं, पहिली काही वर्षं ते भेट म्हणून मिळतं आणि पुढे स्वखर्चाने चालू ठेवावं लागतं. शिवाय प्रत्येक अदलाबदलीला फी.

“ही मालमत्ता आहे, मुलांना ठेवता येईल.” भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बहुतेक योजनांत जमिनीचा किंवा खोलीचा कणभरही मालकी हक्क मिळत नाही, ठरावीक वर्षं वापरण्याचा करार तेवढा होतो. वारसाच्या नावावर केलं तरी वाढत्या शुल्काची जबाबदारी सोबत जाते. पुनर्विक्रीला गिऱ्हाईक मिळणं कठीण, मिळालंच तर मूळ किमतीच्या जवळपासही भाव येत नाही आणि वर हस्तांतर शुल्क. गुंतवणूक म्हणून कुणी विकत असेल तर जास्तच सावध राहा. न वापरलेल्या रात्रींच्या बदल्यात परताव्यासह पैसे देऊ, असं सांगणाऱ्या मुंबईच्या रॉयल ट्विंकल स्टार क्लबच्या योजना सेबीने 2015 मध्ये विनापरवाना सामूहिक गुंतवणूक योजना ठरवल्या आणि लोकांचे पैसे परत करण्याचा आदेश दिला.

“नको झालं तर भरणं थांबवू, आपोआप रद्द होईल.” होत नाही. थकबाकी आणि त्यावरचं व्याज चढत राहतं. रद्द करायचं तर लेखी कळवावं लागतं, आणि परताव्यातून किती कापायचं याचं सूत्र करारातच असतं. खरेदीनंतरचे काही दिवस महत्त्वाचे. फ्लोरिडात कायद्याने 10 दिवस आणि युरोपीय संघात 14 दिवस कारण न देता माघार घेता येते. आपल्याकडे टाइमशेअरसाठी, म्हणजे अशा सभासदत्वांसाठी, असा स्वतंत्र कायदा नाही, त्यामुळे करारात किती मुदत दिली आहे ते घरी पोचल्याबरोबर शोधा आणि तिच्या आत ईमेल आणि स्पीड पोस्ट, दोन्ही पाठवा.

अडकलेल्या सभासदांना मग दुसरेच फोन येऊ लागतात : तुमच्या सभासदत्वाला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त एनओसीचे आणि जीएसटीचे पैसे आधी भरा. विक्रीआधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

दाद मागता येत नाही, हाही समज चुकीचा आहे. करारात दूरच्या शहरातल्या न्यायालयाचं नाव असलं, तरी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. कराराच्या अटीच अन्याय्य असतील, तर त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. सुरुवात 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा. पावत्या, ईमेल आणि त्या रविवारी कागदाच्या चिठोऱ्यावर विक्रेत्याने लिहून दिलेली आश्वासनं, सगळं जवळ ठेवा.