पनवेलचे मीठ, मासळी आणि थायरॉइड

मानेच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेवर असलेली थायरॉइड ग्रंथी वजनाने साधारण 20 ग्रॅम भरते. तिच्यातून रक्तात उतरणारी संप्रेरके शरीरातील सगळ्या व्यवहारांची गती ठरवतात. ती तयार व्हायला आयोडीन लागते: प्रौढ माणसाला रोज सुमारे 150 मायक्रोग्रॅम, गर्भवतीला त्याहून अधिक.

पनवेल, उरण, पेण या खाडीकाठच्या पट्ट्यात मिठागरे जुनी आहेत. समुद्राच्या मिठात आयोडीन असणारच, हा समज त्यामुळे सहज रुजतो. पण तो चुकीचा आहे. मिठागरातल्या खडेमिठात आयोडीन नगण्य असते. समुद्रातले आयोडीन माणसाला मिळते ते मासळीतून. मासळी न खाणाऱ्या घराला आयोडीनयुक्त मीठ हाच भरवशाचा आधार. अशा मिठाने गलगंड, म्हणजे थायरॉइड ग्रंथीची सूज, कमी होतो, हे 1956 पासून कांगडा खोऱ्यात झालेल्या अभ्यासाने दाखवले. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

तरीही आज थायरॉइड मंदावलेले रुग्ण पुष्कळ आढळतात. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. थकवा, वाढते वजन, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, केसगळती, थंडी न सोसणे, पाळीत जास्त रक्तस्राव ही थायरॉइड मंदावल्याची लक्षणे. बाईने यातले काही बोलून दाखवले की घरात ‘दगदग झाली असेल’ एवढ्यावर विषय संपतो, आणि वर्षे निघून जातात. हा तिच्यावर अन्याय आहे, कारण टीएसएच ही रक्ताची साधी तपासणी निदानाची वाट दाखवते. उपचाराची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, चहा अर्ध्या तासाने. लोह वा कॅल्शियमची गोळी चार तासांनी. बरे वाटले म्हणून थायरॉइडची गोळी मनाने बंद करू नये. ग्रंथी अतिकाम करू लागली तर चित्र उलटे दिसते: भूक असून वजन घटते, छाती धडधडते, हात थरथरतात, घाम येतो.

संप्रेरकांचा बिघाड थायरॉइडपुरताच नसतो. अंडाशयाच्या पीसीओएस या विकारात पाळी लांबते, मुरमे येतात, हनुवटीवर राठ केस उगवतात. मानेवरची काळसर, जाडसर त्वचा ही इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. अशा मुलीची साखरही तपासावी. मधुमेहाची तहान आणि वारंवार लघवी बहुतेकांना ठाऊक असते, पण कित्येकांना सुरुवातीला काहीच जाणवत नाही. दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी डॉक्टरांना न विचारता दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या तर चेहरा गोल होतो आणि पोटावर जांभळट वळ उठतात. त्या अचानक थांबवणे मात्र जिवावर बेतू शकते.

सगळ्यांत निकडीची तपासणी नवजात बाळाची. जन्मतः थायरॉइड कमी असलेले बाळ पहिले काही दिवस निरोगीच दिसते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर त्याच्या मेंदूची वाढ सावरते. प्रसूतीनंतर घरी निघण्यापूर्वी आईवडिलांनी बाळाची टीएसएच तपासणी झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे.