डावा पाय कुठाय?

सकाळचे साडेसहा. सुट्टीत माझा भाचा नऊच्या आत डोळे उघडत नाही, पण आज साहेब बूट घालून दारात तयार! निमित्त, कोल्हापुरातला फुटबॉल कॅम्प. शिकवायला चक्क क्लबकडून खेळणारे दोन प्रोफेशनल्स.

फुटबॉलचं वेड या गावात मुरलेलंच. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा... इथं तालमींच्या नावानं टीम असतात आणि शाहू स्टेडियमवर मॅच म्हणजे पेठेच्या इज्जतीचा सवाल. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये इथला अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हापासून तर आईबापांच्याही डोळ्यांत स्वप्नं. (माझ्या ताईच्याही!)

पोरांना वाटलं, आल्या आल्या धडाधड गोल मारायचे. कसलं काय! तासभर नुसता फर्स्ट टच. बॉल यायच्या आधी मान वळवून मागं बघायचं, मग तो डाव्या पायानं थांबवायचा. भाच्याचा बॉल दर वेळी थेट कुंपणाला. पोरं खिदळली. ‘‘हसू नका रे, माझाही डावा असाच होता,’’ कोच म्हणाला.

शेवटी ताईनं विचारलंच, ‘‘सर, होईल का हो हा प्रोफेशनल?’’

‘‘खरं सांगू मॅडम? फार थोडी पोरं होतात. माझा गुडघा गेला तेव्हा वर्षभर घरी होतो. त्याची शाळा सोडू नका.’’

रिक्षात ताई गप्पच होती. संध्याकाळी मागच्या भिंतीवर धप्प धप्प सुरू झालं. डाव्या पायानं. ‘‘रंग जाईल भिंतीचा!’’ ताई आतूनच ओरडली. थांब मात्र म्हणाली नाही.