टायर बदलला की किलोमीटर बदलतो

इंदूरच्या पलासिया चौकातून गीता भवनकडे निघालं की सकाळी एक गाडी हमखास दिसते. मागची सीट काढलेली, आत पातेली, शेगड्या आणि सिलिंडर खचाखच भरलेली मारुती ओम्नी. १९८४ मध्ये आलेल्या या गाडीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, त्यामुळे आता रस्त्यावर दिसते ती प्रत्येक ओम्नी जुनीच. आमच्या ओळखीतल्या एका केटरिंगवाल्या काकांकडेही अशीच एक आहे. टायर पार गोटा झाले, तेव्हा दुकानदार म्हणाला, “बारा का छोड़ो भिया, तेरा का डलवा लो.” काकांनी मला विचारलं, “टाकू का मोठे? गाडी जरा उंच होईल, खड्डे कमी लागतील.”

प्रश्न साधा वाटतो. पण उत्तर शोधायला लागलो आणि टायर या वस्तूबद्दल माझं कुतूहल दुपटीने वाढलं.

आधी टायरच्या अंगावर काय लिहिलंय ते बघू. ओम्नीच्या मापाचा टायर म्हणजे १४५/८० आर १२. या एवढ्याशा मजकुरात तीन वेगळ्या पद्धतींची मापं शेजारीशेजारी बसली आहेत. १४५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० ही टक्केवारी: टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के. आणि १२ हा रिमचा व्यास, तोही इंचात! ‘आर’ म्हणजे रेडियल, आतले धागे मध्यापासून बाहेर आडवे गेलेत एवढंच तो सांगतो. जुन्या ओम्नीच्या टायरवर मधला ८० बहुधा छापलेलाच नसतो, नुसतं ‘१४५ आर १२ एलटी’ असतं. तिथे साधारण तेवढीच उंची गृहीत धरायची.

आता गणित. १२ इंच म्हणजे ३०५ मिलिमीटर. वर ११६ मिलिमीटरची भिंत, खाली तेवढीच. एकूण उंची ५३७. दुकानदाराने दाखवलेला टायर होता १५५/८० आर १३. त्याची उंची येते ५७८. फरक ४१ मिलिमीटर, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्या आसपास.

इथून पुढे खरी गंमत सुरू होते. ओम्नीचा स्पीडोमीटर रस्त्याकडे कधीच बघत नाही. गिअरबॉक्समधून एक केबल मीटरपर्यंत जाते, ती फक्त फेरे मोजते. मूळ टायर एका फेऱ्यात १ मीटर ६९ सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे किलोमीटरला सुमारे ५९३ फेरे. मीटर या हिशेबावर बांधलेलं आहे. टायर ही गाडीची फूटपट्टी आहे, आणि आपण ती फूटपट्टीच बदलतो आहोत. मोठा टायर तेवढाच किलोमीटर ५५० फेऱ्यांत संपवतो. मीटरला ते कळायला मार्गच नाही. काटा ६० वर असताना गाडी ६४-६५ ने पळते. शंभर किलोमीटर चालल्यावर मीटर ९३ दाखवतं. “मोठे टायर टाकले आणि अ‍ॅव्हरेज पडलं” ही तक्रार प्रत्येक गॅरेजात ऐकू येते. थोडं अ‍ॅव्हरेज खरंच पडतं, कारण टायर जड असतो. पण त्या तक्रारीतला एक हिस्सा निव्वळ या फूटपट्टीचा असतो. पेट्रोल मोजलं खरं, किलोमीटर मोजले कमी.

मीटरच्या चुकीने कुणाचं फार बिघडत नाही. ओढ आणि ब्रेक यांचं तसं नाही. इंजिन धुरा फिरवतं आणि टायर त्या फिरण्याचं ढकलण्यात रूपांतर करतो. त्रिज्या वाढली की तेवढ्याच पिळातून रस्त्यावर मिळणारा जोर घटतो, इथे सुमारे ७ टक्क्यांनी. ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, पुढच्या सीटखाली बसलेलं. भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये चढावर उचलताना त्याच्याकडे उधळायला ७ टक्के नसतात. ब्रेकचंही तेच. पकड तीच राहते, पण लांब त्रिज्येच्या टोकाला, म्हणजे रस्त्यावर, ती ७ टक्क्यांनी कमी पोचते. शिवाय काटा ६० दाखवत असताना खरा वेग जास्त आहे, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे थांबताना ब्रेकला १६ टक्के जास्त ऊर्जा उष्णतेत बदलावी लागते. इंदूरच्या सपाट रस्त्यांवर हे जाणवणारही नाही. पण लग्नाचं सामान घेऊन धुळ्याकडे निघालं की धामणोदच्या अलीकडे घाट उतरावा लागतो, आणि तिथला गणपती घाटाचा जुना उतार ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. अशा उतारावर हे १६ टक्के फार महाग पडू शकतात.

आणि एवढं देऊन मिळतं काय? व्यास ४१ मिलिमीटरने वाढला तरी गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते, कारण उरलेला निम्मा भाग धुऱ्याच्या वर जातो. मिळाले २१ मिलिमीटर. खड्ड्याचा हिशेब तर आणखी बोलका आहे. ३० सेंटिमीटर लांबीचा खड्डा घ्या. मूळ चाक त्यात भूमितीने ४६ मिलिमीटर खाली जाईल, मोठं चाक ४२. चार मिलिमीटरचा फायदा! खड्ड्याचा धक्का मुख्यतः भिंतीची उंची आणि आतली हवा सोसतात. म्हणूनच १३ इंची रिमवरचा चपटा १५५/६५ टायर फसवा आहे. दिसायला चाक मोठं वाटतं, पण एकूण उंची ५३२, मूळ टायरपेक्षाही किंचित कमी, आणि भिंत ११६ वरून १०१ वर आलेली. खड्डे उलट जास्त लागतील.

हवा म्हटलं की मला थांबावंसं वाटतं, कारण या सगळ्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट तीच आहे. गाडीचं वजन रबर पेलतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आतल्या दाबाने टायरचे धागे ताणलेले असतात आणि रिमला चहूबाजूंनी ओढून धरतात. जमिनीला टेकलेल्या भागातला ताण सैल पडतो, वरचा तसाच राहतो, आणि गाडी अक्षरशः वरच्या धाग्यांना टांगली जाते. विश्वास बसत नसेल तर एक करून बघा. चाक जॅकवर उचलून हवा मोजा, मग गाडी खाली ठेवून पुन्हा मोजा. आकडा जवळजवळ तोच येईल. शेकडो किलो अंगावर आले आणि दाब हलला नाही! टायर फक्त थोडा चपटा होतो, जमिनीला टेकलेला भाग वाढतो. चाकावर ३५० किलो आणि आत ३५ पीएसआय हवा असेल तर हा भाग ढोबळ हिशेबाने १२ सेंटिमीटर लांब-रुंद येतो. चारही चाकांचा मिळून एका ए-फोर कागदाहून कमी. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं, ते विस्मरणात गेलं, आणि १८८७-८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती नव्याने शोधली. भरलेली पातेली हवेवर तोलून नेण्याची ती कल्पना अजून तशीच चालू आहे.

म्हणून काकांसाठी मापापेक्षा महत्त्वाचा आकडा मापाच्या पुढे छापलेला आहे: भारांक. ७३ म्हणजे एका टायरला ३६५ किलो, ८० म्हणजे ४५० किलो. एकाच मापाचा मोटारीचा टायर आणि हलक्या मालवाहू गाडीचा ‘एलटी’ टायर यांच्यात इथेच फरक पडतो. एलटीची बांधणी जास्त दाब सहन करते, आणि जास्त दाब म्हणजे जास्त भार. ‘६ पीआर’ म्हणजे आत सहा थर असतातच असं नाही, ती ताकदीची प्रत आहे. मोठ्या मापाचा पण कमी भारांकाचा टायर टाकला तर गाडी उंच होते आणि कमकुवतही.

इंदूरकरांना हे शिकायला लांब जायला नको. पीथमपूरजवळ खेडा इथे ब्रिजस्टोनचा कारखाना १९९८ पासून टायर बनवतो. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची ट्रॅव्हलर पीथमपुरातच तयार होते. आणि तिथेच नॅट्रॅक्स हे वाहनांच्या चाचण्यांचं केंद्र आहे, जिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक जून २०२१ मध्ये खुला झाला. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावून बघायलाही तिथे वेगळी सोय आहे. कंपनी एखादं माप ठरवते त्यामागे अशा चाचण्या असतात. त्यामुळे मूळ मापापासून फार दूर जाताना माझा हात आखडतो. एकूण उंचीत तीन टक्क्यांच्या आत राहा, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे, आणि मला तो पटतो. कायद्याचीही बाजू आहे: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे.

काकांनी शेवटी १२ इंचीच घेतले, एलटी, चारही नवे आणि स्टेपनीही त्याच मापाची. घेताना भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: ३५२४ म्हणजे २०२४ चा पस्तिसावा आठवडा. दुकानदाराने आधी दाखवलेला जोड चार वर्षं पडून होता, तो परत ठेवायला लावला. मग गाडीत सामान भरून स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवलं आणि टायर कुठे पत्र्याला घासतोय का ते वाकून पाहिलं. आता सकाळी गाडी काढायच्या आधी, टायर थंड असताना, ते हवा तपासतात. मागच्या चाकांत भाराप्रमाणे थोडी जास्त.

खड्डे लागणं बरंच कमी झालंय, असं ते सांगतात. जुने टायर गोटा होते आणि त्यांत हवाही कमी होती.