कार्ल ब्रॅशियर : एका पायाचा पाणबुड्या

२००० साली 'मेन ऑफ ऑनर' नावाचा हॉलीवूडचा चित्रपट आला. पुढे केबलवर तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शेवटच्या प्रसंगात कृत्रिम पाय लावलेला एक कृष्णवर्णीय नौसैनिक पाणबुड्याचा अजस्र पोशाख अंगावर घेऊन अधिकाऱ्यांसमोर बारा पावले चालून दाखवतो आणि नोकरी टिकवतो. आम्ही वकिली करतो. निकाल असे बारा पावलांत लागत नाहीत, हे आम्हास चांगले ठाऊक आहे. खऱ्या कार्ल ब्रॅशियरची परीक्षा कोणत्याही सभागृहात झाली नाही. ती वर्षभर पाण्याखाली चालली.

१९ जानेवारी १९३१ रोजी अमेरिकेतील केंटकी राज्यात या माणसाचा जन्म झाला. आईबाप दुसऱ्याची जमीन अर्धलीने कसणारे, घरात नऊ भावंडे. काळ्यांसाठी वेगळ्या असलेल्या शाळेत प्राथमिक शिक्षण झाले आणि पोरगा शेतात कामाला लागला. फेब्रुवारी १९४८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो नौदलात भरती झाला. त्यानंतर पाच महिन्यांनी, २६ जुलै १९४८ रोजी, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यदलांत वंशभेदाशिवाय समान वागणूक देण्याचा आदेश काढला. परंतु आदेश निघाला म्हणून अधिकाऱ्यांना जेवण वाढणारा माणूस दुसऱ्या दिवशी डेकवर येत नसतो. ब्रॅशियरच्या वाट्याला आधी तेच काम आले.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी नौदलाने काळ्यांची भरतीच बंद केली होती. १९३० च्या दशकात ती पुन्हा सुरू केली, ती मुदपाकखान्यापुरती. इकडे १८९० च्या दशकात इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडले. शस्त्र हाती आले की माणूस बरोबरीचा हक्क मागतो, ही भीती दोन्हीकडे सारखीच. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले. काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे जे निवेदन केले होते त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. त्यानंतर दोनच वर्षांनी ब्रॅशियर नौदलात शिरला.

एका जहाजावरून विमान समुद्रात पडले आणि ते काढायला पाणबुड्या उतरला. ते पाहून आपणही हेच काम करायचे असे त्याने ठरवले. अर्ज केला. पुन्हा केला. पुन्हा पुन्हा केला. अखेर १९५४ मध्ये न्यू जर्सीतील बेयॉन येथील प्रशिक्षण शाळेत त्याला प्रवेश मिळाला. 'तुला बुडवून मारू' अशा अर्थाच्या चिठ्ठ्या त्याच्या बिछान्यावर ठेवल्या जात. तो शिकत राहिला आणि त्या शाळेतून उत्तीर्ण होणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. पुढच्या श्रेणीच्या परीक्षेत मात्र गणित आणि विज्ञान आडवे आले. शाळाच अर्धवट सुटलेली! प्रौढ वयात त्याने पुस्तके उघडली, हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा दिली आणि राहिलेली श्रेणीही पुढे मिळवली.

१७ जानेवारी १९६६ रोजी स्पेनमधील पालोमारेस गावावर अमेरिकेच्या दोन लष्करी विमानांची टक्कर झाली. चार हायड्रोजन बॉम्ब खाली पडले, त्यातला एक समुद्रात. त्याच्या शोधमोहिमेत मार्च महिन्यात ब्रॅशियर जहाजाच्या डेकवर काम करीत होता. दोर ताणाखाली आला, एक नळ सुटून वेगाने आला. त्याने सहकाऱ्याला बाजूला ढकलले आणि नळ त्याच्या डाव्या पायावर बसला. जखम सडत गेली. शेवटी त्यानेच डॉक्टरांना पाय गुडघ्याखाली कापायला सांगितले.

नौदलाच्या दृष्टीने विषय संपला होता. अपंग सैनिकाला पेन्शन द्यायची, घरी पाठवायचे. अपंगांच्या हक्काचा अमेरिकी कायदा १९९० साली आला, म्हणजे ब्रॅशियरजवळ दाखवायला एक कलमसुद्धा नव्हते. अशा वेळी पक्षकार काय करतो? दया मागतो. याने पुरावा गोळा केला. कृत्रिम पाय लावून, वेगवेगळे पोशाख घालून तो पाण्यात उतरला आणि त्याची छायाचित्रे काढून घेतली. मग एका प्रशिक्षण शाळेत वर्षभर त्याला रोजच्या रोज पारखण्यात आले. सकाळी धावून आला की कृत्रिम पायात रक्त साचलेले असे. दवाखान्यात गेला तर कागदावर 'अपात्र' लिहिले जाईल, म्हणून तो गुपचूप बादलीत मिठाचे गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसे. एप्रिल १९६८ मध्ये त्याला पुन्हा पाणबुड्या म्हणून मान्यता मिळाली. पाय कापलेल्या कोणालाही ती तोवर मिळाली नव्हती. १९७० साली तो अमेरिकी नौदलाचा पहिला कृष्णवर्णीय मास्टर डायव्हर झाला.

आपल्याकडे अशा माणसाचा फोटो भिंतीवर लावून मोकळे होण्याची सवय आहे. घरच्यांना काय सोसावे लागले ते कोणी विचारत नाही. १९५२ साली त्याने जुनेटा विलकॉक्सन हिच्याशी लग्न केले. चार मुले झाली. नवरा समुद्रावर आणि चार लेकरांचे घर जुनेटाच्या अंगावर. चळवळीत आयुष्य घातलेल्या आमच्या कितीतरी कार्यकर्त्यांच्या बायकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पुढे ब्रॅशियरला दारूने गाठले. त्यावर त्याने उपचार घेतले आणि नंतर ते उघडपणे सांगितलेही. हे सांगायला पाण्यात उतरण्याहून कमी धैर्य लागत नाही, असे आम्हास वाटते. १९७८ मध्ये घटस्फोट झाला, त्यानंतरची दोन लग्नेही टिकली नाहीत. तरी मुलांनी बापाला सोडले नाही. फिलिप हा मुलगा लष्करात हेलिकॉप्टर वैमानिक झाला आणि बापाच्या नावाची संस्था मुलांनीच उभी केली.

१९७९ मध्ये तो नौदलातून निवृत्त झाला, पण नॉरफोकच्या नाविक तळावर १९९३ पर्यंत नागरी नोकरी करीत राहिला. २५ जुलै २००६ रोजी व्हर्जिनियातील पोर्ट्समथच्या नौदल रुग्णालयात त्याचे निधन झाले. ट्रुमनच्या आदेशाला दुसऱ्या दिवशी ५८ वर्षे पूर्ण होत होती. सप्टेंबर २००८ मध्ये सॅन डिएगो येथे त्याचे नाव दिलेले जहाज पाण्यात उतरवले गेले. ते उतरवण्याचा मान त्याची नात लॉरेन हिला मिळाला. भर समुद्रात दुसऱ्या जहाजांना अन्नधान्य आणि दारूगोळा पोचवण्यासाठी ते जहाज बांधलेले आहे.