प्रवासातले पाणी

प्रवास संपल्यावर माणसाला काय आठवते? पाहिलेली स्थळे आठवतात; परंतु त्याहून अधिक आठवतात त्या न ठरवता घडलेल्या लहानसहान गोष्टी. शेजारच्या अनोळखी माणसाने पुढे केलेला डबा, चुकलेल्या एस. टी.मुळे झालेली ओळख. प्रवासवर्णने लिहिणारी मंडळी या अवचित क्षणांचे मोठे कौतुक करतात. त्यात चूक काही नाही. परंतु अवचित जे घडेल ते गोडच असेल, असा भरवसा या देशात प्रत्येकाला होता काय?

१९०१ सालचा प्रवास पाहा. नऊ-दहा वर्षांचे बाबासाहेब, त्यांचे मोठे भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला सातार्‍याहून निघाली. नवे कपडे, आगगाडीचा पहिलाच प्रवास. मुले हरखून गेली होती. मसूर स्टेशनवर न्यायला कोणी आले नाही. स्टेशन मास्तरने विचारपूस केली आणि ‘महार’ हा शब्द ऐकताच तो मागे सरला. गाडीवानांनी नकार दिला. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैल हाकले, गाडीवान बाजूने चालला. सोबत खाण्याचे पदार्थ भरपूर होते, पण वाटेत पाणी कोणी दिले नाही. मुले उपाशी झोपली. तोही न ठरवता घडलेलाच प्रसंग होता आणि तो बाबासाहेबांना जन्मभर आठवला.

१९३४ साली ते सहकार्‍यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. तोवर ते बॅरिस्टर झालेले, गोलमेज परिषद गाजवून आलेले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याबाहेर तळ्यावर मंडळींनी हातपाय धुतले आणि ‘तळे बाटवले’ म्हणून जमाव चालून आला. किल्ल्यात सोडले, पण कोठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. सोबत सशस्त्र शिपाई. हे दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवले आहेत. आपल्याच देशात व्हिसाची वाट पाहणारा माणूस! नावातच सारे आले.

हा व्हिसा आम्हाला २६ जानेवारी १९५० रोजी मिळाला. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १५(२) ने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तळी, रस्ते सर्वांना खुले केले. कलम १९(१)(ड) ने देशभर मुक्त संचाराचा हक्क दिला. कोर्टात ही कलमे आम्ही अनेकदा वाचतो. त्यांचा अर्थ मात्र एकदा लोकलमध्ये समजला.

बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीतील मंडळी घेऊन आम्ही भाईंदरहून नालासोपार्‍याला, सोपार्‍याचा स्तूप पाहायला निघालो होतो. तिसरेच स्टेशन, पण विरार गाडीची गर्दी वाचकांना सांगायला नको. खाडीचा पूल ओलांडताना आमच्यातील एका आजींना घेरी आली. कोणीतरी उठून जागा दिली. एका अनोळखी मुलीने पाण्याची बाटली दिली. आजींनी ती तोंडाला लावली आणि ओशाळून म्हणाल्या, “उष्टी केली गं पोरी.” मुलगी म्हणाली, “राहू द्या आजी, तुमच्याकडेच ठेवा.” कोण, कुठल्या, आडनाव काय, कोणी विचारले नाही. ज्यांच्या आईने गावात ओंजळीत वरून ओतलेले पाणी प्यायले, त्या आजींना स्तूपापेक्षा ती बाटलीच अधिक आठवते.

म्हणून सर्वत्र असेच आहे, असे आम्ही म्हणणार नाही. आजही प्रवासात गप्पा रंगल्या की हळूच आडनाव विचारले जाते आणि पुढचा सूर बदलतो. सार्वजनिक जागी जाण्यापासून अडवणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. परंतु बदललेल्या सुरावर कोणता कलम लावणार? तेथे माणसालाच बदलावे लागते.

तेव्हा बंधूभगिनींनो, मुलांना घेऊन अवश्य फिरा. मसूरला गेलात तर तेथे काय घडले ते त्यांना सांगा. आणि डब्यात शेजारी तहानलेला दिसला तर आडनाव न विचारता पाणी द्या. तुमच्यासाठी ती क्षुल्लक गोष्ट असेल. त्याच्यासाठी कदाचित तोच सारा प्रवास असेल.