विश्लेषण : क्रूझ बंदरात नऊ तास, जेवायला वेळ किती? गोवा, मंगळुरू, कोचीत स्थानिक चव कशी गाठावी?

पावसाळा संपला की पश्चिम किनाऱ्यावर क्रूझचा हंगाम सुरू होतो. मुंबईहून गोवा, कोची आणि लक्षद्वीपकडे जहाजे निघतात. परदेशी जहाजेही मुंबई, मुरगाव, नवे मंगळुरू आणि कोची या बंदरांना लागतात. दिवाळीच्या सुट्टीला जोडून अशी सफर आखणाऱ्यांसाठी जहाजावर चार वेळचे खाणे तयारच असते आणि त्याचे पैसे तिकिटात आधीच भरलेले असतात. त्यामुळे अनेक प्रवासी बंदरावर उतरतात, एखादा किल्ला किंवा चर्च पाहतात आणि जेवायला पुन्हा जहाजावर येतात. अशा सफरीत चार बंदरे पाहून होतात, पण तिथल्या एकाही स्वयंपाकघराची चव कळत नाही. ती चुकू नये यासाठी पैशांपेक्षा वेळेचा हिशेब महत्त्वाचा ठरतो.

नऊ तासांचे चार तास कसे होतात?

समजा, जहाज सकाळी आठला बंदराला लागते आणि संध्याकाळी पाचला सुटते. कागदावर हा मुक्काम नऊ तासांचा आहे. प्रत्यक्षात जहाज लागल्यावर परवानगी मिळून, रांगेतून खाली उतरून बंदराच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत तासभर जातो. परतीची अंतिम वेळ जहाज सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. वाहतूक कोंडीसाठी आणखी एक तास राखून ठेवावा लागतो. हे तीन तास वजा केले की सहा उरतात. शहर तासाभराच्या अंतरावर असेल तर जाण्या-येण्याचे दोन तास आणखी कमी होतात. हातात चारच तास राहतात.

चार तासांत एक न्याहारी आणि एक जेवण नीट होते. पाच ठिकाणांची यादी घेऊन निघणाऱ्याचा वेळ टॅक्सीतच जातो. म्हणून प्रत्येक बंदरावर एकच भाग निवडावा आणि तिथेच पायी फिरावे.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ताटात काय वेगळे असते?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये नौका पुन्हा समुद्रात जातात, पण समुद्र शांत होऊन मासळी बाजार भरभरून लागतात ते साधारण सप्टेंबरनंतर. त्यामुळे शरदात ताजा बांगडा, तारली, कोळंबी सगळ्या बंदरांवर दिसते.

या दिवसांत सणवारही विचारात घ्यावे लागतात. गोव्यात नरकचतुर्दशीच्या सकाळी घरोघरी पोह्यांचे प्रकार होतात. दुधातले, दह्यातले, नारळाच्या रसातले, बटाटा घातलेले असे हे ‘फोव’ हॉटेलच्या मेन्यूत क्वचितच सापडतात. गोव्यात कोणी ओळखीचे असेल तर त्या सकाळचे आमंत्रण कोणत्याही उपाहारगृहापेक्षा मोलाचे. मात्र त्याच दिवशी छोट्या खानावळी बंद असू शकतात, म्हणून आधी फोन करून खात्री करावी.

कोचीत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा, म्हणजे ईशान्य मोसमी पाऊस असतो. तो बहुधा दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह येतो. कोचीतील पायी भटकंती सकाळीच उरकलेली बरी.

किनारा एकच, मग चव कुठे बदलते?

मुंबईपासून कोचीपर्यंत भात, नारळ आणि मासळी तीच असते. वाटपातल्या मिरच्या-मसाल्याइतकाच फरक पडतो तो आंबटपणात. कोकणात आमटीला आणि कालवणाला आमसूल किंवा चिंच लागते. गोव्यात हिंदू घरांतल्या हुमणात आमसुले, तर ख्रिस्ती घरांतल्या विंदालूत माडीपासून केलेले व्हिनेगर असते. बिंबलेही दोन्हीकडे वापरतात. मंगळुरूच्या गस्सीत चिंच येते. कोचीत माशाच्या लाल कालवणात कुडमपुळी पडते. धुरावर वाळवल्याने काळी झालेली ही फळे म्हणजे आपल्या कोकमाच्याच कुळातली. आपल्याकडे कोकमाची सालं वापरतात, तिकडे कुडमपुळीच्या पाकळ्या.

म्हणून प्रत्येक बंदरावर किमान एक साधे माशाचे कालवण आणि भात मागवावा. ‘प्रसिद्ध’ पदार्थांच्या यादीपेक्षा हा एक घास त्या गावाबद्दल जास्त सांगतो. शिवाय तो दुपारी कुठल्याही साध्या खानावळीत मिळतो.

मेन्यूवरची माशांची नावे मात्र दर बंदराला बदलतात. ही तीन लक्षात ठेवली तरी काम भागते :

• बांगडा : गोव्यात बांगडो, मंगळुरूत बंगुडे, कोचीत अयला
• सुरमई : गोव्यात इस्वण, मंगळुरूत अंजल, कोचीत नेयमीन
• तारली : गोव्यात तारले, मंगळुरूत भूताई, कोचीत मत्ती किंवा चाळा

मुंबईत जहाजात चढण्यापूर्वी काय?

पुणे, नाशिक किंवा नागपूरहून येणारे प्रवासी बहुधा सकाळीच मुंबईत पोहोचतात. क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअर परिसरात असल्याने फोर्ट अगदी जवळ आहे. बॅलार्ड इस्टेटमधील ‘ब्रिटानिया’ हे १९२३ पासूनचे पारशी-इराणी उपाहारगृह बेरी पुलावासाठी ओळखले जाते. ते दुपारच्या जेवणापुरतेच उघडे असते. जवळच फोर्टमध्ये मंगळुरी आणि गोमंतकीय पद्धतीची जुनी हॉटेलेही आहेत. तिथे जेवून निघाले तर पुढच्या बंदरांवरची तीच चव मूळ गावी कशी लागते, हे ताडून पाहता येते. फक्त जहाजाचे चेक-इन सुटण्याच्या बरेच आधी बंद होते. जेवणाची वेळ त्याआधी धरावी.

मुरगावला उतरल्यावर पणजी की वास्को?

गोव्याचे क्रूझ बंदर मुरगावला, वास्को शहराला लागून आहे. पणजी आणि मडगाव दोन्ही साधारण ३० किलोमीटरवर. नव्या झुआरी पुलामुळे पणजीचा प्रवास सुकर झाला आहे, तरी जाण्या-येण्याचे दोन तास धरावेत. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. टॅक्सीचे परतीसह भाडे निघण्यापूर्वीच ठरवावे.

पणजी निवडली तर न्याहारीला भाजी-पाव घ्यावा. ‘कॅफे ताटो’, ‘कॅफे भोसले’ अशा जुन्या हॉटेलांत पातळ भाजी, सुकी भाजी आणि मिरचीभजी मिळतात. पावाऐवजी पोई मागावी. गव्हाचा कोंडा लावलेली, आतून पोकळ अशी ही भाकरीसारखी दिसणारी पोई पोर्तुगीज काळापासून गोव्याच्या भट्ट्यांत भाजली जाते. पोदेर, म्हणजे पाववाला, ती सकाळी आणि संध्याकाळी सायकलवरून विकतो. नंतर फोंताइन्यश भागात फिरून साडेबाराला माशाच्या थाळीला बसावे. हुमण, तिसऱ्यांचे सुके, सुक्या सुंगटांची किसमूर, तळलेला मासा आणि सोलकढी हे त्यातले मुख्य. दुपारी एक ते साडेतीन-चार बरीच दुकाने बंद असतात आणि रविवारी बाजार मंदावतो. त्यामुळे काजू, आमसुले, बिबिंका यांची खरेदी जेवणाआधीच करावी. गोव्याच्या बिबिंकेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

एका पदार्थाचा मोह टाळावा लागतो. रस-ऑम्लेटच्या गाड्या संध्याकाळी लागतात. पाचला सुटणाऱ्या जहाजाच्या प्रवाशाला तो बहुतेक मिळत नाही. वेळ कमी असेल, वृद्ध किंवा लहान मुले सोबत असतील, तर पणजीचा नाद सोडून वास्कोतच थाळी खावी. हुमण तिथेही तेच असते.

मंगळुरूत बन्स कधी आणि कोरी रोट्टी कधी?

नवे मंगळुरू बंदर पणंबूरला, शहरापासून सुमारे दहा किलोमीटरवर आहे. येथे वेळेचा हिशेब सोपा होतो. सकाळी मंगळुरू बन्स खावेत. पिकलेले केळे मैद्यात मळून तळलेल्या या किंचित गोड पुऱ्या चटणी-सांबारासोबत येतात. जोडीला नीर दोसा. तुळू भाषेत ‘नीर’ म्हणजे पाणी. पातळ तांदळाच्या पिठाचा हा दोसा आपल्या घावनाचा सख्खा शेजारी आहे.

दुपारी कोरी रोट्टी. तांदळाच्या कुरकुरीत, कागदासारख्या रोट्या ताटात मोडायच्या आणि त्यावर नारळाच्या दाट रश्शातले कोंबडीचे गस्सी ओतायचे. रोटी अर्धी मऊ, अर्धी कुरकुरीत असतानाच खातात. गस्सीचा लाल रंग ब्याडगी मिरचीचा. ती तिखटापेक्षा रंगाला जास्त उपयोगी पडते. माशांत काणे जरूर विचारावेत, ती आपल्याकडची मुडदुशी. मासळीच्या जेवणासाठी ‘नारायणा’ आणि ‘गिरी मांजाज’ ही नावे शहरात कोणीही सांगते. दुपारी तिथे गर्दी असते, म्हणून बाराच्या सुमारास पोहोचावे.

शेवटी आइस्क्रीम. १९७५ पासूनच्या ‘आयडियल’ आइस्क्रीममुळे शहराचे हे वेड देशभर माहीत झाले. उंच पेल्यातले ‘गडबड’ इथलेच वैशिष्ट्य. मुंबईत जुहूला ‘नॅचरल्स’ सुरू करणारे रघुनंदन कामत मूळचे याच किनाऱ्यावरचे. तूप घालून परतलेले घी रोस्ट कुंदापूरचे म्हणून ओळखले जाते. ते मंगळुरूतही मिळते, त्यासाठी कुंदापूर गाठण्याच्या भानगडीत पडू नये. ते सुमारे ९० किलोमीटरवर आहे.

कोचीत मट्टांचेरी का निवडावी?

कोचीचे बंदर वेलिंग्डन बेटावर आहे. बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून हे बेट उभे राहिले. येथून मट्टांचेरी आणि फोर्ट कोची जवळ आहेत. सकाळी पुट्टू-कडला, म्हणजे वाफवलेले तांदळाचे पुट्टू आणि काळ्या हरभऱ्यांची उसळ, किंवा अप्पम आणि स्ट्यू घ्यावा.

मट्टांचेरीत मसाल्याच्या वखारींच्या जोडीला ज्यू टाउन, गुजराती रस्ता आणि कोंकणी वस्ती चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत गोवा सोडलेली गौड सारस्वत कुटुंबे येथे स्थिरावली. तिरुमला देवस्वम हे त्यांचे मंदिर. या गल्ल्यांत आजही कोंकणी कानावर पडते आणि दाळीतोय, लोणची, पापड ही चव ओळखीची वाटते. दोन दिवसांपूर्वी गोव्यात जेवलेल्या प्रवाशाला कोचीत तिचीच दुसरी शाखा भेटते. गुजराती रस्त्यावर ‘शांतिलाल मिठाईवाला’ आहे, तर बिर्याणीसाठी ‘कायीज’ प्रसिद्ध आहे.

दुपारी माशाचे जेवण घ्यावे. कुडमपुळी घातलेले लाल कालवण आणि नारळाच्या दुधातले सौम्य मीन मोली, दोन्ही शेजारी ठेवून खाल्ले तर फरक कळतो. केळीच्या पानात गुंडाळून भाजलेला करिमीन हा केरळचा राज्यमासा आहे. गोव्यात त्यालाच काळुंदर म्हणतात. फोर्ट कोचीला चिनी जाळ्यांपाशी मासे विकत घेऊन शेजारच्या टपरीत शिजवून घेता येतात. माशाचा आणि शिजवण्याचा दर वेगवेगळा असतो, तो आधीच विचारावा.

शाकाहारींनी आणि इतरांनी काय विचारावे?

शाकाहारींची अडचण वाटते तेवढी नाही. गोव्यात अळसाण्याचे तोणाक, खतखते. मंगळुरूत उडुपी हॉटेले. कोचीत पुट्टू-कडला आणि केळीच्या पानावरचे जेवण मिळते. मात्र भाजीत किंवा चटणीत सुकी सुंगटे नाहीत ना, हे गोव्यात विचारून घ्यावे. चोरिस-पावातले चोरिस डुकराच्या मांसाचे असते. गोवा आणि केरळात गोमांसही सर्रास मिळते. जे खात नाहीत त्यांनी ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगावे.

पोटाची काळजी केवळ स्वतःपुरती नसते. उलट्या-जुलाब झालेल्या प्रवाशाला जहाजावर केबिनमध्येच थांबवून ठेवण्याची पद्धत आहे. पुढची दोन बंदरे त्यात जाऊ शकतात. गरम, डोळ्यांदेखत शिजलेले खावे. बर्फ आणि कापून ठेवलेली फळे टाळावीत.

उशीर झाला तर?

जहाज कंपनीच्या सहलीची बस अडकली तर जहाज सहसा वाट पाहते. स्वतंत्र फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. त्यामुळे जहाजाचे कार्ड, सरकारी ओळखपत्र आणि बंदरातील एजंटचा फोन क्रमांक जवळ ठेवावा. बहुतेक बंदरांत रिक्षा-टॅक्सी आत येत नाहीत. फाटकापासून जहाजापर्यंतची वेळही धरावी.

कंपनीची सहल सुरक्षित, पण तिचे जेवण बहुधा आधी ठरलेल्या मोठ्या हॉटेलात असते. मुरगावसारख्या दूरच्या बंदरावर कंपनीची सहल आणि कोची, मंगळुरूत स्वतंत्र भटकंती, हा मधला मार्ग सोयीचा पडतो. शिजवलेले अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत. सीलबंद मसाले, काजू, मिठाई चालते. फेणीची बाटली मात्र सफर संपेपर्यंत जमा करून घेतली जाते.

या प्रवासात एक किनारा चुकतोच. रत्नागिरी, मालवण रात्रीच्या अंधारात मागे पडतात, कारण तिथे ही जहाजे थांबत नाहीत. ज्या आमसुलाशी पुढच्या प्रत्येक कालवणाची तुलना करायची, ते त्याच किनाऱ्याचे. सफरीला निघण्यापूर्वी घरी एकदा आमसूल घातलेले बांगड्याचे कालवण करून खाल्ले, तर कोचीच्या ताटात काय बदलले ते पहिल्याच घासाला कळेल.